सरवा कोणी वेचावा?

भाताची कापणी आटोपून भारे खळ्यावर गेले, की कर्जत-खालापूरच्या खाचरांत काही लोंब्या मागे उरतात. त्या वेचण्याला आपण सरवा वेचणे म्हणतो. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द शेतातून उचलून रूथच्या कथेत आणला आणि बेथलेहेमचे शेत आपल्या ओळखीचे झाले. लेवीय ग्रंथातील आज्ञा स्पष्ट आहे. पीक कापताना शेताचे कोपरे पुरते कापू नयेत, खाली पडलेला सरवा गोळा करू नये. तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. रूथ गरीबही होती आणि परकीही. बवाज शेतावर येतो, तेव्हा तिच्याविषयी तो मुकादमाला पहिला प्रश्न विचारतो, तो असा, की ही मुलगी कोणाची? उत्तर ऐकल्यावर तो तिला वेचू देतो. एवढेच नव्हे, तर पेंढ्यांतून काही लोंब्या तिच्यासाठी मुद्दाम टाकायला गड्यांना सांगतो.

ही कथा आज आठवण्याचे कारण असे, की आपल्या लेखनाच्या शेतात गेल्या काही वर्षांत एक नवा वेचणारा येऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची यंत्रे संकेतस्थळांवरून अहोरात्र फिरतात, पानामागून पान वाचतात, त्याची नक्कल घेऊन जातात, आणि त्या साठ्यावर लिहिणारी-बोलणारी यंत्रे घडवली जातात. या फिरत्या यंत्रांना क्रॉलर असे नाव आहे. आपल्या धर्मग्रामांची पत्रके, नियतकालिकांचे जुने अंक, भक्तिगीते, स्मरणलेख हे सारे हळूहळू संकेतस्थळांवर जात असताना या वेचणाऱ्याला दार उघडे ठेवावे की लावावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. तो वाङ्मयाचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते नीतीचाही आहे. म्हणून ज्या छोट्याशा मजकुराने हे दार उघडले वा लावले जाते, त्या मजकुराचीच समीक्षा करावी, असे योजिले आहे.

१

संकेतस्थळाच्या मुळाशी, जणू उंबरठ्यावर, एक साधी मजकुराची फाइल ठेवण्याची प्रथा आहे. तिचे नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी. १९९४ साली मार्टेन कोस्टर या डच अभियंत्याने ती सुचवली. त्या वेळी महाजाल लहान होते. शोधयंत्रांसाठी पाने गोळा करणारी यंत्रे मोजकी होती, आणि त्यांतले एखादे बेफाम सुटले, तर लहानसा संगणक दमून बंद पडत असे. यंत्रे चालवणाऱ्या मंडळींनी आपसांत ठरवले, की दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी ही चिठ्ठी वाचावी आणि तिचा मान राखावा. पुढे अठ्ठावीस वर्षे हा निव्वळ सभ्यतेचा संकेत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला महाजालाच्या प्रमाण दस्तऐवजाचे रूप मिळाले.

वाङ्मयप्रकार म्हणून ही चिठ्ठी पाहण्यासारखी आहे. तिच्यात मुख्यतः दोनच प्रकारच्या ओळी असतात. पहिलीत नाव असते: अमुक यंत्रासाठी. दुसरीत मनाई असते: अमुक भागात येऊ नये. नावाच्या जागी तारांकन केले, तर नियम सर्वांना लागू होतो. मनाईपुढे एकटी तिरकी रेघ ओढली, तर सारे घर बंद होते. ती जागा कोरी सोडली, तर सारे घर मोकळे राहते. विशेषण नाही, कारण नाही, शिक्षेची भाषाही नाही. आणि चिठ्ठीच लावलेली नसेल, तर येणारे यंत्र त्या मौनाला संमती समजते. मौनाचा असा अर्थ लावला जातो, हे आपल्या संपादकांनी विशेष ध्यानी घ्यावे. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी आजवर जे केले आहे, ते मौनच आहे.

पहिली ओळ म्हणजे बवाजाचाच प्रश्न होय. तू कोण, कोणाचा? येणारे यंत्र आपले नाव सांगते आणि घरधनी त्या नावावरून ठरवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या यंत्राचे नाव जीपीटीबॉट असल्याचे जाहीर केले. पाठोपाठ सप्टेंबरात गूगलने गूगल-एक्स्टेंडेड हे निराळे नाव दिले; त्या नावाला मनाई केली, तरी शोधयंत्रातील आपली जागा जात नाही. अँथ्रॉपिक कंपनीच्या यंत्राचे नाव क्लॉडबॉट आहे. कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेचे सीसीबॉट तर त्याआधी कित्येक वर्षांपासून पाने साठवीत आले असून तो साठा अनेकांनी यंत्रे घडवण्यासाठी वापरला आहे. म्हणजे येणारे सगळे एका हेतूने येत नाहीत. एक शोधपुस्तिकेत नोंद करायला येतो, दुसरा शिकवणीचा साठा भरायला येतो, तिसरा एखाद्या माणसाने त्या घटकेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला येतो. तिघांना एकच उत्तर देणे हा आळस ठरेल.

मात्र या चिठ्ठीचे दोन मोठे दोष सांगितले पाहिजेत. पहिला असा, की तिची भाषा आज्ञेची असली, तरी तिचे बळ विनंतीचे आहे. हे नियम म्हणजे प्रवेशावरचे कुलूप नव्हे, असे त्या प्रमाण दस्तऐवजातच नमूद आहे. खोटे नाव सांगून येणाऱ्यापुढे ती निरुपाय होते. संकेतस्थळांच्या दारावर पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये एका उत्तरयंत्राच्या कंपनीवर, नाव लपवून मनाई ओलांडल्याचा जाहीर आरोप केला, आणि त्या कंपनीने तो फेटाळला. खरे-खोटे काहीही असो, असा वाद होऊ शकतो यातच चिठ्ठीची दुर्बलता दिसते.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. या चिठ्ठीला दोनच क्रियापदे येतात: ये आणि येऊ नको. ‘वाच, पण जिचे गाणे आहे तिचे नाव सोडू नको’, असे म्हणण्याची तिच्यात सोय नाही. ‘घे, पण विकू नको’, हेही तिला सांगता येत नाही. बवाजाची भाषा याहून पुष्कळ श्रीमंत होती. येथेच वेच, माझ्या दासींजवळ राहा, तहान लागली तर या भांड्यांतले पाणी पी, आणि गड्यांनी हिला त्रास देऊ नये, असे तो बोलला. परवानगी ही अटींनी, काळजीने आणि नात्याने बनलेली असते. चिठ्ठीत नाते मावत नाही. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी जे करायला हवे, ते आपल्यालाच करावे लागणार आहे. त्याकडे शेवटी येऊ.

२

परवानगीचा विषय ख्रिस्तसभेला नवा नाही. जुन्या धार्मिक पुस्तकांच्या आरंभी, छापण्यास हरकत नसल्याचा वरिष्ठांचा शेरा आपण पाहत आलो आहो. निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ साली पोप चौथे पॉल यांच्या काळात निघाली आणि १९६६ साली ती व्यवस्था संपली. त्या चार शतकांचा अनुभव येथे उपयोगी पडावा. त्या परवानगीत प्रश्न असा होता, की वाचकाने काय वाचावे? आजच्या चिठ्ठीत प्रश्न उलटा आहे: आपले लेखन कोणी वाचावे? पण दोन्हीकडे दार लावणाऱ्याला एकच गोष्ट विसरायला होते. दार लावले, की आतली जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरे काहीतरी येऊन बसते.

आपल्या पहिल्या महाकाव्याचा जन्मच या जाणिवेतून झाला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्या धर्मात आलेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाला उत्तर म्हणून तो ग्रंथ उभा आहे. मनाई करणाऱ्यावर पर्याय देण्याची जबाबदारी येते, हे स्टीफन्स यांना उमगले होते.

पुढची कथा अधिक बोलकी आहे. हा ग्रंथ १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. पण त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून द्यावी असा हुकूम काढला. छापखान्याने आणि सत्तेने जे गमावले, ते हाताने नक्कल करणाऱ्यांनी राखले. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालदाना यांनी १९०७ साली तो मंगळुरास प्रसिद्ध केला. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहात सापडले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली आली, तर फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ साली. नक्कल करणे ही या ग्रंथाच्या बाबतीत चोरी ठरली नाही, ती राखण ठरली.

तेव्हा नकलेला सरसकट शत्रू मानण्याचा अधिकार आपल्याला, ख्रिस्तपुराणाच्या वारसांना, निदान सहज मिळणार नाही. पण त्या नक्कलकारांत आणि आजच्या यंत्रांत एक फरक आहे. पानामागून पान उतरून घेणाऱ्याला ठाऊक असे, की हे पाद्री स्टीफन्स यांचे पुराण आहे. तो ओवीबरोबर कर्त्याचे नाव पुढे नेत असे. यंत्र ओवी घेते, तिचे शब्द, तिची लय, तिचे वळण आपल्या पोटात विरघळवते, आणि मग नाव बहुधा मागे राहते. नक्कल झाली हे दुःख नाही. कर्ता आणि कृती यांची ताटातूट झाली, हे आहे.

३

ही ताटातूट किती खोल जाऊ शकते, हे पाहण्यासाठी खोपोलीहून बोरघाट चढून वर मावळात जावे. स्टीफन्स यांनी निवडलेला ओवीछंद तिथल्या आणि शेजारच्या मुळशीतल्या बायकांच्या तोंडी जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या होता. मूळचे फ्रान्सचे आणि १९७२ पासून पुण्यात राहून येथलेच झालेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार असलेले बर्नार्ड बेल यांनी त्या सांभाळण्याची यंत्रणा उभी केली. प्वातवाँ २००४ साली वारले. हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येत आहे.

समीक्षक म्हणून मला त्या पानांची मांडणी ओव्यांइतकीच महत्त्वाची वाटते. तिथे ओव्यांखाली गाणारीचे नाव असते. तिचे गाव, तालुका, वय, जात, शिक्षण, मुले, व्यवसाय यांची नोंद असते. जात्यावरची ओवी ही एरवी अनामिक समजली जाते. ‘लोकगीत’ असा शिक्का मारला, की कर्तीचा प्रश्नच मिटतो. संग्राहकांनी हा शिक्का नाकारला आणि ओवी त्या त्या बाईच्या नावावर चढवली. अभिजनांच्या पोथीत कवीची मुद्रा असते. येथे ती मुद्रा ओवीच्या आत नसून खालच्या नोंदीत आहे. मराठी लोकवाङ्मयाच्या संपादनातले हे एक नैतिक पाऊल आहे, असे मी मानतो.

आणि नेमके येथेच यंत्र चुकते. त्याच्या दृष्टीने ओवी हा भाषेचा नमुना आहे, खालची नोंद हा तपशील. भाषा त्याला शिकायची असते, बाई आठवायची नसते. उद्या कोणी त्या यंत्राला सासुरवाशिणीची ओवी रचून दे म्हटले, तर ते रचून देईल. तिच्यात माहेरची वाट असेल, भाऊ असेल, जात्याची घरघरही असेल. नसेल ती फक्त पहाटे तीनला उठून दळणारी. उलट जो तपशील तिच्या सन्मानासाठी नोंदला, तो, म्हणजे वय, जात, मुले, हा मात्र यंत्राच्या साठ्यात जाऊन पडतो, आणि त्याचे पुढे काय होईल हे ना तिला सांगता येते, ना संग्राहकाला. ज्या दिवशी ती जात्याशेजारी बसून गायली, त्या दिवशी तिने ध्वनिमुद्रणाला हो म्हटले होते. या वापराविषयी तिला कोणी विचारले नव्हते, कारण असा वापर तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले भाताचे वाण ‘कर्जत-३’ या नावाने जेथे जाईल तेथे आपल्या गावाचे नाव घेऊन जाते. बियाण्याला जे मिळते, ते गाणाऱ्या बाईला मिळू नये काय?

४

येथवर वाचून वाचकाला वाटेल, की लेखक सरसकट दार लावायला सांगणार. तसे नाही, आणि का नाही, हे सांगण्यासाठी घाट उतरून पुन्हा खालापुरात यावे लागते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. शोधकार्य थांबले, तोवर २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. पावसात वर चढून गेलेली पथके, खाली जमलेले नातेवाईक, पुनर्वसनाच्या घोषणा, हे सारे वर्तमानपत्रांनी लिहिले आणि ते त्यांनी लिहायलाच हवे होते. पण आज कोणी एखाद्या यंत्राला इर्शाळवाडीविषयी विचारले, तर ते काय सांगेल? दरड, आकडे, मंत्र्यांच्या भेटी. कारण त्याने वाचले तेवढेच आहे. ती वाडी जगत होती तेव्हा तिथे कोणती गाणी होती, लग्नात काय म्हणत, मुलाला निजवताना काय म्हणत, यांतले फारच थोडे कोणी लिहिले असेल, आणि लिहिले असेल ते महाजालावर क्वचितच असेल. सह्याद्रीतल्या ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली निघाला. पण त्या समाजाच्या बोलीतले शब्द त्याच समाजाच्या तोंडून लिहिलेले किती आहेत?

ही उणीव एकट्या ठाकरांची नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, तरी महाजालावरील एकूण मजकुरात मराठीचा वाटा नगण्य आहे. त्या नगण्य वाट्यात मराठी कॅथलिकांचे लेखन म्हणजे खाचरातले एखादे रोप. याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लई गावी आपल्या बांधवांची पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक स्वतंत्र बोली आहे; तिचे बोलणारे मूठभर उरले आहेत. ‘निरोप्या’ विसाव्या शतकाच्या आरंभापासून आणि ‘सुवार्ता’ १९५५ पासून जे लिहीत आले, ते जर यंत्रांनी वाचलेच नाही, तर आपल्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला ती कोणाच्या शब्दांत उत्तर देतील? इतरांच्या. आपण कोण, आपली भाषा कोणती, आपले सण कसे, हे आपल्याला बाहेरून पाहणारे सांगतील. उद्याची मुले शाळेच्या प्रकल्पासाठी यंत्रालाच विचारणार आहेत, ही गोष्ट आवडो वा न आवडो, खरी आहे. त्या ब्राह्मणाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. दार लावाल, तर आत काय येऊन बसेल?

म्हणजे दोन हानी समोरासमोर आहेत. दार उघडे ठेवले, तर नाव जाते आणि विश्वासाने दिलेले परक्या हाती पडते. दार लावले, तर आपण आहोत ही गोष्टच पुसट होते. यांतली एक हानी खोटी ठरवून दुसरीचा निवाडा करणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही.

५

काही आक्षेपांचा विचार येथे केला पाहिजे.

पहिला आक्षेप आपल्या घरातलाच आहे. शुभवर्तमान हे फुकट मिळाले आहे, फुकट द्यावे; मग कुलपाची भाषा कशाला? हा आक्षेप शुभवर्तमानाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. शास्त्रपाठ, प्रवचने, धर्मशिक्षणाचे धडे कोणीही, कशानेही वाचावेत. परंतु धर्मग्रामाच्या पत्रकात केवळ शुभवर्तमान नसते. त्यात एका आईने गमावलेल्या मुलावर लिहिलेला स्मरणलेख असतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती असते, लग्न ठरलेल्या जोडप्यांची नावे असतात. ते फुकट मिळालेले नाही. ते विश्वासाने सोपवलेले आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जे जायचे ते केव्हाच गेले, आता चिठ्ठी लावून काय उपयोग? चिठ्ठी मागचे परत आणत नाही, हे खरे. दुसऱ्या संकेतस्थळावर गेलेल्या प्रतीवरही तिचा अधिकार चालत नाही. परंतु ज्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांची नावे जाहीर केली, त्यांनी चिठ्ठीचा मान राखण्याचे जाहीर वचनही दिले आहे, आणि वचन देणाऱ्याला त्याची आठवण देण्यासाठी आधी आपण काही म्हटलेले असावे लागते. शिवाय हा लहान संस्थांच्या पोटाचाही प्रश्न आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की जानेवारी २०२४ पासून चित्रे-ध्वनिफितींच्या उतरवणीचा भार ५० टक्क्यांनी वाढला, आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के यंत्रांची होती. एवढी मोठी संस्था कुरकुरते, तिथे एका धर्मग्रामाच्या संकेतस्थळाची काय कथा? सरवा वेचणारी एक रूथ असते. शेतात रोज शंभर कापणी-यंत्रे घुसली, तर त्याला सरवा म्हणत नाहीत. जुलै २०२५ पासून क्लाउडफ्लेअरने आपल्याकडे येणाऱ्या नव्या संकेतस्थळांसाठी अशी यंत्रे मुळातच अडवून धरण्याची आणि वाचनाचे दाम मागण्याची सोय सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर.

तिसरा आक्षेप कायद्याचा: न्यायालय ठरवील, आपण कशाला? एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने असा प्रस्ताव मांडला, की कायदेशीरपणे मिळवता येणारे सर्व लेखन यंत्रांच्या शिकवणीसाठी वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना असावा, त्याबदल्यात त्यांनी मानधन भरावे, आणि लेखकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसावा. मजुराला मजुरी मिळावी, हे आपल्या सामाजिक शिकवणुकीला धरूनच आहे. पोप चौदावे लिओ यांनी मे २०२५ मध्ये आपले नाव निवडण्यामागे १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ची, म्हणजे कामगारांच्या प्रश्नावरील परिपत्रकाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आव्हानाची सांगड घातली, हेही आपल्याला ठाऊक आहे. तथापि मजुरी मिळाली म्हणून संमतीचा प्रश्न सुटत नाही. बवाजाने रूथला धान्य दिले, पण त्याआधी तिचे नाव विचारले होते. मुळशीतल्या त्या गाणारीला उद्या मानधनाचे चार पैसे मिळतीलही. तिला विचारले कोणी, हा प्रश्न तरी उरेलच. कायदा जेव्हा काय ते ठरवील तेव्हा ठरवील. विचारण्याचे कर्तव्य कायद्याची वाट पाहत नाही.

६

चिठ्ठीला अटी लिहिता येत नाहीत, हा तिचा मुख्य दोष असल्याचे वर म्हटले. मग अट कोठे लिहायची? माझे उत्तर असे, की ती शेताच्या बांधणीतच लिहावी लागेल. चिठ्ठीला व्यक्ती कळत नाही, पण जागा कळते. म्हणून आपले लेखन आधी वेगवेगळ्या खाचरांत लावून घेतले पाहिजे. आज आपली पत्रके एका गठ्ठ्यात, एकाच फाइलीत जातात: प्रवचन, कविता, स्मरणलेख आणि बाप्तिस्म्याची यादी, सारे एकत्र. अशा गठ्ठ्यापुढे चिठ्ठी आंधळी आहे.

माझ्या मते तीन खाचरे पाडावीत. पहिल्यात शास्त्रपाठ, धर्मशिक्षण, ज्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे असे जुने ग्रंथ, आणि ज्या लेखकांनी स्वतः हो म्हटले आहे त्यांचे लेखन असावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. हे खाचर सर्व यंत्रांना मोकळे ठेवावे, नव्हे, त्यांनी यावे अशी इच्छा धरावी. लोंब्या मुद्दाम टाकाव्यात, त्या येथे. दुसऱ्यात चालू काळातले साहित्य, लोकगीते आणि आठवणी असाव्यात. येथे शोधयंत्रांना येऊ द्यावे, म्हणजे शोधणाऱ्या माणसाला आपला अंक सापडेल, आणि शिकवणीचा साठा भरणाऱ्यांना नावे घेऊन मनाई करावी, जोवर कर्त्याला विचारून त्याचे उत्तर येत नाही तोवर. गूगलच्या शोधपानावर अलीकडे जो यंत्रलिखित सारांश दिसतो, तो नेहमीच्या शोधयंत्राच्याच वाचनातून निघतो, हे येथे माहीत असावे. तो टाळायचा, तर शोधातही थोडे मागे सरावे लागते. तिसऱ्या खाचरात माणसांची खासगी नोंद: याद्या, प्रार्थनेच्या विनंत्या, मुलांची छायाचित्रे. याला चिठ्ठी पुरत नाही. येथे कुलूपच हवे, आणि पुष्कळदा ते महाजालावर नसणेच उत्तम.

ही वाटणी संपादकाने एकट्याने करू नये. ज्यांनी लिहिले, गायले, सांगितले, त्यांना विचारून ती करावी. विचारणे कष्टाचे आहे. वाडीवर जावे लागेल, म्हाताऱ्या बाईशेजारी बसावे लागेल, यंत्र म्हणजे काय ते तिच्या भाषेत समजावे लागेल, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐकावे लागेल. कदाचित ती म्हणेल, की माझे गाणे जाऊ दे सगळीकडे, पण माझ्या वाडीचे नाव त्याच्यासंगे जाऊ दे. तसे आश्वासन आज कोणतेच यंत्र देऊ शकत नाही, हेही तिला खरे सांगावे लागेल. पण त्या बोलण्यातून तिच्या गाण्याची एक नीट नोंद होईल, नावासकट, गावासकट. आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून अशा नोंदी झाल्या, तर दरड कोसळल्यावरच एखाद्या वाडीचे नाव जगाला कळावे, ही लाज तरी थोडी कमी होईल.

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘अँतिक्वा एत नोव्हा’ या टिपणात मानवी बुद्धी ही नात्यांतून घडते, असा विचार मांडला आहे. तो विचार आपल्या दाराशी आणला, तर त्याचा अर्थ एवढाच होतो: यंत्राला काय द्यायचे, हे ठरवण्यापूर्वी माणसांनी एकमेकांना विचारावे.

रूथ संध्याकाळपर्यंत वेचत राहिली, तिने ते झोडले, आणि एफाभर सातू घेऊन ती घरी गेली. सासूने तिला विचारले, की आज कोठे वेचलेस? आणि रूथने शेतधन्याचे नाव सांगितले. वेचून नेलेल्या धान्याबरोबर ते कोणाच्या शेतातले, हेही घरी पोहोचले. आपल्या शेतातून जो कोणी काही नेईल, त्याने घरी गेल्यावर असे नाव सांगावे, एवढीच आपली मागणी आहे. ती आजच्या चिठ्ठीत लिहिता येत नसेल, तर ती लिहिता येईल अशी चिठ्ठी घडेपर्यंत, काय मोकळे ठेवायचे आणि काय राखायचे, हे आपण डोळे उघडे ठेवून ठरवावे. मौन ही संमती समजली जाते. तेव्हा निदान मौन सोडावे.